बटण दाबा, थांबा, मग बोला

‘अशक्य आहे हिंदमातावरून.’ एवढंच मी बोललो होतो. रविवारचा सराव होता, पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला पाणी भरलंय असं धरून. मी परळच्या एका गच्चीवर उभा, मित्र दादरला गाडी घेऊन निघायच्या बेतात. त्याने विचारलं, हिंदमातावरून येऊ का? मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि दाबता दाबताच उत्तर दिलं. त्याच्या कानावर पडलं, ‘शक्य आहे हिंदमातावरून.’ तो निघालासुद्धा. रस्ता कोरडा होता, म्हणून त्या हरवलेल्या ‘अ’ची भरपाई दोन कटिंग चहात झाली. पाणी भरलेलं असतं तर गाडी बंद पडली असती आणि चूक माझीच असती.

हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचे रिपीटर, त्यातही एकमेकांना जोडलेले रिपीटर वापरायला निघालेल्या माणसाने यंत्राच्या आधी हा ‘अ’ समजून घ्यावा. तो कुठे गेला हे कळलं की अर्ध्याहून अधिक गोष्टी आपोआप कळतात.

हातातल्या पाच वॅटच्या वॉकीटॉकीची झेप मुख्यतः उंचीवर ठरते, वॅटवर कमी. ढोबळ हिशेब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा. आले तितके किलोमीटर तुमचं क्षितिज. रस्त्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर, तेही मैदानात. आठ मजली इमारतीची गच्ची धरली, म्हणजे पंचवीस मीटर, तर वीस किलोमीटर. शंभर मीटरच्या टॉवरचं चाळीसच्या वर. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीतून दादरला थेट बोलायला गेलात तर मधे मलबार हिल नाही, पण लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आहेत. गिरण्यांच्या चिमण्यांनी लहरी कधी अडवल्या नव्हत्या. हे काचेचे डोंगर मात्र लहर अडवतात, परतवतात, आणि कधी एकाच आवाजाच्या दोन प्रती थोड्या अंतराने पोचवून सगळं खरखरतं करून टाकतात. असं झालं तर दोन पावलं बाजूला सरकून पाहा. दोन मीटर बँडवर अर्धं पाऊल सरकण्यानेही फरक पडतो.

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला मध्यस्थ. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसरीवर, जास्त ताकदीने बोलतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे दोन मीटरच्या, बँडमध्ये या दोन फ्रिक्वेन्सींत सहसा ६०० किलोहर्ट्‌झचं अंतर असतं. तुम्ही खालच्यावर बोलायचं, वरच्यावर ऐकायचं. शिवाय तुमच्या आवाजाखाली एक बारीक सूर सतत वाजत ठेवावा लागतो. तो कानाला जाणवत नाही, पण रिपीटर त्यावरून ओळखतो की हा आपला माणूस, गोंगाट नव्हे. नवशिक्याचा सेट ‘ऐकू येतं, पण कुणी उत्तर देत नाही’ अशा अवस्थेत असला, तर बहुतेक वेळा हा सूर भरायचा राहिलेला असतो. आधी तो तपासा, मग अँटेनाला दोष द्या.

आता जोडणी. मराठी घरांना ही कल्पना नवी नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला तेच कार्यक्रम दिसू लागले, ते सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. वरळीहून निघालेलं चित्र गडावर उचललं जायचं आणि तिथून पुण्यात उतरायचं. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या हिशेबाने त्याचं क्षितिज दीडशे किलोमीटरच्या जवळपास. दादरपासून गड सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. मधल्या सह्याद्रीच्या रांगांनी आडकाठी केली नाही तर गडावरच्या अँटेनाला मुंबईची गच्ची दिसायला हरकत नाही. हॅम मंडळी डोंगरांवर डोळा ठेवून असतात ती याचसाठी.

दूरदर्शनचा प्रवास एकाच दिशेने होता. हॅमच्या जोडलेल्या रिपीटरमध्ये कोणीही बोलतं आणि सगळीकडे ऐकू जातं: एकाने ऐकलं की ते साखळीतल्या बाकीच्यांकडे जातं आणि सगळे एकदम बोलू लागतात. जोडणी रेडिओने करता येते, म्हणजे दोन रिपीटर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकमेकांशी बांधलेले. किंवा इंटरनेटने: एकोलिंक, ऑलस्टार, आयआरएलपी ही त्यातली प्रसिद्ध नावं. डीएमआरसारख्या डिजिटल पद्धतीत आवाजाचे आकडे करून पाठवतात आणि एकाच चॅनलवर दोन संभाषणं आळीपाळीने बसवतात. तिथे ‘टॉकग्रुप’ निवडावा लागतो. चुकीचा निवडलात तर शेजारच्या दादरकराऐवजी देशभराला ‘जेवण झालं का’ विचारून बसाल.

या साखळीतला प्रत्येक दुवा उघडायला थोडा वेळ घेतो. पहिला रिपीटर सूर ओळखणार, मग त्याचा प्रक्षेपक चालू होणार, मग दुवा, मग पुढचा रिपीटर, मग ऐकणाऱ्याच्या सेटचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी झडप. इंटरनेट मधे असेल तर आणखी उशीर. या वेळात तुम्ही जे बोललात ते कुठेच जात नाही. माझा ‘अ’ तिथे गेला.

म्हणून बटण दाबल्यावर एक पूर्ण सेकंद थांबा. मनात ‘एक विठ्ठल’ म्हणा, तेवढा वेळ पुरतो. बोलणं कॉलसाइनने, म्हणजे परवान्यावरच्या तुमच्या ओळख-नावाने, सुरू करा, म्हणजे खाल्लं गेलंच तर कॉलसाइनचं अक्षर खाल्लं जाईल, निरोपाचं नाही. ज्या शब्दाचं पहिलं अक्षर गेलं तर अर्थ उलटतो तो शब्द वाक्याच्या तोंडाशी ठेवू नका, शक्यतो वापरूच नका. ‘अशक्य’ऐवजी ‘रस्ता बंद’, ‘अपुरं’ऐवजी ‘कमी’, ‘असुरक्षित’ऐवजी ‘धोका’. आकड्यांचंही तसंच. मराठीत सात, साठ आणि आठ खरखरीत एकमेकांच्या अंगावर पडतात, ‘बासष्ट’ आणि ‘बाहत्तर’ तर जुळे भाऊ. बासष्ट म्हणायचं असेल तर ‘सहा, दोन’ असं सुटं बोला. कॉलसाइन आंतरराष्ट्रीय वर्णमालेत, ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ करून, बाकी बोलणं खुशाल मराठीत.

दुसरी फट समोरच्याचं बोलणं संपल्यावर ठेवायची. तो थांबला की लगेच बटण दाबू नका. रिपीटरची ‘शेपटी’ पडू द्या, म्हणजे तो क्षणभर चालू राहून ‘टक्’ करून बंद होतो तो आवाज. त्यानंतर आणखी एक श्वास. या फटीत दोन गोष्टी घडतात. बहुतेक रिपीटरना सलग बोलण्याची मर्यादा घालणारं घड्याळ असतं. ते मोकळ्या फटीत शून्यावर येतं. न थांबता उत्तरं देत राहिलात तर ते साखळीतला एखादा रिपीटर मधेच बंद पाडतं आणि तुम्हाला कळतही नाही. आणि याच फटीत तिसरा माणूस शिरू शकतो. जोडलेल्या जाळ्यात कुणाच्या तरी घरी आग लागलेली असू शकते आणि तुम्ही दोघं अँटेनाच्या लांबीवर वाद घालत असता. तो तिसरा ‘ब्रेक’ म्हणाला की गप्प व्हायचं आणि त्याला बोलू द्यायचं.

मोठ्या जाळ्यावर कसं वागायचं यावर हॅम मंडळींत जन्मभर वाद चालतात. माझं मत साधं आहे. दोघंही एकाच रिपीटरच्या टप्प्यात असाल तर जोडणी तोडून बोला. रिपीटरशिवाय थेट ऐकू येत असेल तर तेही सोडा आणि ‘सिंप्लेक्स’ फ्रिक्वेन्सीवर जा. लालबाग ते परळ बोलण्यासाठी तीन जिल्ह्यांतले प्रक्षेपक तापवायचे काही कारण नाही.

मग जाळं हवं कशाला? त्याचं उत्तर २६ जुलै २००५ च्या पावसाने दिलं आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. गिरगावच्या माणसाला तो साधा पावसाचा दिवस वाटला असेल, तर कुर्ल्याचा माणूस गळाभर पाण्यात. मोबाइल बंद पडत गेले, त्यामुळे घरून निघालेला माणूस कुठे अडकला ते कळायला मार्ग नव्हता. शहराच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची खबर फोनशिवाय पोचवणं, एवढ्यासाठी जोडलेला रिपीटर हवा. रोजच्या गप्पा म्हणजे त्या दिवसासाठी यंत्र आणि माणसं चालू स्थितीत ठेवण्याचा मार्ग.

इथे जाळं उभारणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा: तुमचा प्रत्येक दुवा कशाच्या जिवावर उभा आहे? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी इंटरनेटवर जोडलेला रिपीटर स्वतः बॅटरीवर चालू असेल, पण इमारतीतला राउटर बंद पडला की दुवा तुटतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ‘सार्नेट’ या जाळ्याने हे ओळखून सार्वजनिक इंटरनेट टाळलं आहे. तिथले रिपीटर राज्याच्या परिवहन खात्याच्या स्वतःच्या नेटवर्कवरून जोडलेले आहेत, कारण तिथे चक्रीवादळं येतात. आपल्याकडे तशी सोय मिळेपर्यंत कागदावर दोन रकाने करा: वीज आणि इंटरनेट गेल्यावर कोणते रिपीटर आपापल्या जागी बोलत राहतील आणि कोणते मुके होतील. ज्यांचं उत्तर माहीत नाही ते मुके धरा.

बॅटरीचा हिशेब तर करूनच पाहा. समजा रिपीटरला १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासाची बॅटरी आहे. नुसता ऐकत असताना तो अर्धा अँपिअर खातो, बोलताना सहा. तासातला पाव वेळ बोलत असेल तर सरासरी सुमारे १.९ अँपिअर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे वापरायचे २० अँपिअर-तास आणि चालेल जेमतेम साडेदहा तास. आता तोच रिपीटर जोडा. बाहेरच्या गप्पांमुळे तो अर्धा वेळ बोलू लागला की सरासरी सव्वातीन अँपिअर आणि आयुष्य सहा तास. म्हणजे ठाण्याच्या गप्पा परळची बॅटरी पिऊन टाकतात. म्हणून दुवा तोडण्याची सोय रिपीटरपाशीच असावी आणि ती किमान तिघांना वापरता यावी. ज्याच्याकडे किल्ली आहे तोच नेमका गावाला गेलेला असतो.

परवान्याशिवाय यातलं काही करता येत नाही. परीक्षा घेतो केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग, अर्ज ‘सरल संचार’ या पोर्टलवर. वय किमान १२ वर्षं. परवान्याचे दोन दर्जे आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मॉर्स कोडही लागतो, मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने. बाकी पेपर नियमांचा आणि प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्सचा, दहावीचं विज्ञान ज्याला आठवतं त्याला अवघड नाही. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ ने. मुंबईत ‘मुंबई अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी’ आणि ‘जेएनए वायरलेस असोसिएशन’ या संस्था आहेत. पुस्तक उघडण्याआधी तिथल्या कुणाकडे तासभर बसून नुसतं ऐका. सध्या कोणते रिपीटर चालू आहेत, कोणता सूर लागतो, जोडणी कधी उघडी असते, हे छापील यादीपेक्षा तिथेच खरं कळतं.

हौशी परवान्यावर धंद्याचं बोलणं, गाणी, राजकारण यातलं काही चालत नाही, आणि दुसऱ्यांचे निरोप आपत्तीखेरीज पोचवायचे नसतात. गणेशोत्सवात कार्यकर्ते रांग सांभाळायला ‘तुमचे ते सेट द्या ना’ म्हणत येतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि ४४६ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त, कमी शक्तीच्या सेटकडे पाठवा. तो पट्टा नेमका अशाच कामासाठी मोकळा केला आहे. ऑनलाइन स्वस्तात दिसणारा कोणताही सेट उचलू नका. मंजुरी नसलेल्या वॉकीटॉकींची विक्री इतकी माजली की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२५ मध्ये त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली.

परवान्याचा विषय निघाला की गिरगावकराला पारेखवाडी आठवतेच. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले. तीन वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. प्रक्षेपक बांधला होता नरिमन प्रिंटर या रेडिओच्या नादी लागलेल्या माणसाने. मंडळी जागा बदलत राहिली आणि शेवटी १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी छापा घातला. आज तुमच्यामागे कुणी लागलेलं नाही. तरी लहरीचा उगम शोधणं हे हॅम लोकांचं अजूनही आवडतं कसब आहे. विनाकारण बटण दाबून रिपीटर अडवणाऱ्याची इमारत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असते.

दोन मीटर बँडची अँटेना विकत घेण्याआधी एकदा स्वतः करा. लॅमिंग्टन रोडला जाऊन एक एसओ-२३९ सॉकेट, बोल्ट-नट आणि पितळी वेल्डिंग रॉड आणा. मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटरची एक सरळ काडी डाखा, सॉकेटच्या चार भोकांत ५१ सेंटिमीटरच्या चार काड्या बसवून खाली पंचेचाळीस अंशांत वाकवा. उलटी छत्री दिसेल. अँटेनातून किती लहर परत फिरते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर लावा, आकडा दीडच्या वर असेल तर वरची काडी दोन-दोन मिलिमीटर कापत चला. घाईने एक सेंटिमीटर कापणारा माणूस दुसऱ्यांदा लॅमिंग्टन रोडला जातो. मी दोनदा गेलो.

पैसे वाचवायचे तर सेटमध्ये वाचवा, केबलमध्ये नको. गच्चीवरून खाली वीस मीटर आरजी-५८ सोडलीत तर १४५ मेगाहर्ट्‌झवर पाच वॅटपैकी दोनच वॅट अँटेनाला पोचतात. त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या ७० सेंटिमीटर बँडवर एक वॅटही नीट नाही. तीच केबल आरजी-२१३ असेल तर दोन मीटरवर तीनच्या वर पोचतात. केबल जाड आहे, सोसायटीच्या डक्टमधून वळताना कुरकुर करते, तरी तीच घ्या.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी ‘हो’वर जाऊ नका. नवी कमिटी आली की जुना ‘हो’ जातो. माझ्या ओळखीच्या एका इमारतीत टीव्ही नीट दिसत नाही याचं खापर हॅमच्या अँटेनावर फुटलं. तीन महिने ती उतरवून ठेवली, टीव्ही तसाच राहिला. सभेत बोलताना विजेचा, वजनाचा आणि वीज पडण्याचा मुद्दा तुम्हीच आधी काढा. खांब अर्थिंगला जोडलेला दाखवा. आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाआड काही बांधू नका, टाकी साफ करणाऱ्याला वाट हवी असते.

कान तयार करायचे असतील तर सगळ्यात उंच रिपीटर ऐका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅमचा एक रिपीटर आहे. तो चालू असेल तेव्हा १४५.९९० वर ६७ हर्ट्‌झच्या सुरासह ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक येताना ४३७.८१० लावा, डोक्यावर असताना ४३७.८००, जाताना ४३७.७९०, कारण वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते. सगळा खेळ दहा मिनिटांच्या आत संपतो आणि तेवढ्यात अर्धा भारत त्याच्यावर तुटून पडलेला असतो. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ ला हॅमसॅट सोडला होता. तो २०१४ पर्यंत बोलत राहिला. आकाशातल्या रिपीटरवर आखूड बोलायला शिकलेला माणूस जमिनीवरच्या जाळ्यात कुणाला नकोसा होत नाही.

शेवटची कामं पावसाआधी, मे महिन्यातली. कनेक्टरवरची जुनी टेप कापा, आतला हिरवा गंज ब्रशने काढा. तो समुद्राच्या हवेची देणगी, गिरगावात जास्त, परळमध्ये थोडा कमी. कनेक्टर नवा बसवून रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी टेप. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, सेटच्या मागे येणार नाही. गेल्या वर्षी माझ्या सेटमागे आलं होतं. झोळ होता, पण कुणीतरी त्यावर कपडे वाळत घातले होते आणि तो सरळ झाला होता.